आईचे नाव खोडून गवयाची कादंबरी

जांबोटीस आमचे एक स्नेही आहेत. पेशाने शिक्षक, वृत्तीने गाण्याचे वेडे. सहा वर्षे खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक फिरत्या नाटक मंडळीतील गायकनट. गोमंतकातील एका देवळाच्या सावलीत जन्मलेला, आणि बेळगाव, हुबळी, सांगली, पुणे असे मुक्काम करता करता म्हातारा झालेला. छपाईचा भार उचलण्याचे एका देवस्थानच्या कारभारी मंडळींनी मान्य केले होते. हस्तलिखिताचे वाचन झाले आणि मंडळींनी दोन दुरुस्त्या सुचविल्या. नायकाची आई देवळातील कलावंतीण आहे, तिला ‘सोज्ज्वळ गृहिणी’ करावे. आणि नायकाचा जिवलग मित्र म्हणून वीस वर्षे सोबत राहिलेला जो मुसलमान सारंगिया, त्याला नुसता साजिंदा म्हणून एका परिच्छेदात आटोपावे. तसे न केल्यास मृतांच्या बदनामीचा खटला होईल, अशी पुरवणीही जोडली. लेखक बिचारे घाबरले व कागद घेऊन आमच्याकडे आले.

प्रथम कायद्याचेच पाहू. जुन्या दंडविधानाचे कलम ४९९ आता उरलेले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आले. मृत व्यक्तीविषयीचे स्पष्टीकरण मात्र कायम आहे. ती व्यक्ती हयात असती तर जिने तिच्या लौकिकास बाध आला असता, आणि जी आप्तांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केली, अशी नालस्ती गुन्हा ठरू शकते. लौकिकास बाध केव्हा येतो, हेही तेथे सांगितले आहे: इतरांच्या दृष्टीने त्या व्यक्तीचे शील, जात किंवा पेशा यांबाबत तिला कमीपणा येतो तेव्हा. आमच्या प्रतिपक्षाला हा शब्द फार आवडेल. पण ‘इतर’ म्हणजे कोण? तक्रारदारास साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगावे लागेल की, देवापुढे गाणारी स्त्री आपल्या दृष्टीने हीन आहे, आणि तिचा मुलगा म्हणवून घेणे ही नामुष्की आहे. म्हणजे बदनामी लेखकाने केलीच नाही. ती तक्रारअर्जातच प्रथम लिहिली जाणार! ही शपथ घेण्यास कारभाऱ्यांपैकी कोण तयार आहे, एवढे आम्हांस कळवावे.

कादंबरीतील नायक कल्पित आहे. परंतु त्याच्यासारखी माणसे कल्पित नव्हती. दीनानाथ मंगेशकर २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशीस जन्मले. वडील गणेशभट्ट श्रीमंगेशाचे पुजारी. आई येसूबाई कलावंत घराण्यातील. दीनानाथांनी आडनाव घेतले ते मंगेशीचे. केसरबाई केरीच्या म्हणून केरकर, मोगूबाई कुर्डीच्या म्हणून कुर्डीकर. आडनावांतून गावे राहिली, देव राहिले. आयांची नावे मात्र सांगताना आमची जीभ अडखळते. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी ध्वनिमुद्रिका अवकाशात पाठविली तीत केसरबाईंची भैरवी आहे. ती निवडताना कोणी वंशावळ मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरी दुरुस्ती पहिलीहून अधिक अज्ञानाची आहे. कोकणातून पायपीट करीत निघालेले रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेरीस कोणाजवळ शिकले? निसार हुसेन खाँ यांच्याजवळ. आणि बुवांची विद्या पुढे कोणाच्या गळ्यात उतरली? येसूबाईंच्या मुलाच्या. मुसलमान उस्ताद, ब्राह्मण शिष्य, कलावंतिणीचा पुत्र. ही साखळी कोणत्या दुव्यावर तोडावी, हे कारभाऱ्यांनीच दाखवावे. गंधर्व नाटक मंडळीच्या पौराणिक नाटकांत नारायणराव राजहंस पदे म्हणत, तेव्हा तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. द्रौपदी-रुक्मिणी त्या सारंगीने विटाळल्या नाहीत.

फिरत्या मंडळीतील मैत्री हा काही शोभेचा विषय नव्हे. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून बलवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा दीनानाथांचे वय अठरादेखील पुरे नव्हते. एकाचा गळा, दुसऱ्याचा अभिनय, आणि नफ्यातोट्याची जोखीम सर्वांची. पाऊस लागला की थिएटर रिकामे, आणि बिऱ्हाडात पन्नास तोंडे जेवायला. अशा दिवसांत कोणी कोणास सांभाळले, ते जाहिरातीत येत नसते. चिंतामणरावांनी ‘बहुरूपी’ लिहिले म्हणून त्या जगाचा थोडा तरी पत्ता आपल्याला लागला. ज्यांनी लिहिले नाही त्या सारंगियांचे, पेटीवाल्यांचे, आचाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी कादंबरीवाचून दुसरी जागा नाही. तेथूनही त्यांना हाकलावयाचे असेल तर गायकाच्या आयुष्यात उरते काय? शाल, श्रीफळ आणि मृत्यूची तारीख.

आमचे स्नेहीही अगदी निर्दोष नाहीत. पहिल्या दोन प्रकरणांत त्यांनी आईला केवळ रडविले आहे. तिचे रियाज करणे, पालखीपुढे उभे राहणे, मुलाचा स्वर हलला की डोळे वटारणे, यांतले काहीच नाही. यजमानाच्या मद्याचा वास मात्र पानोपानी. दयेच्या नावाखाली चालणारी ही चटोर वृत्तीच कारभाऱ्यांच्या हाती कोलीत देते. ते त्यांनी काढावे, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. काहीसे नाराज होऊन ते त्यांनी मान्य केले.

प्रथा दुष्ट होती, यात वाद नाही. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. देवास वाहिलेल्या स्त्रीचा विवाह त्या कारणाने अवैध ठरू नये, अशी तरतूद त्यात होती. कर्नाटकाने १९८२ साली आणखी कडक कायदा केला. या कायद्यांनी मुली वाहणे गुन्हा ठरविले. ज्या आधीच गाऊन गेल्या त्यांची नावे खोडण्याचा अधिकार त्यांनी कोणत्याही देवस्थानास दिलेला नाही. ज्या देवळांनी त्या स्त्रियांकडून पिढ्यान्‌पिढ्या सेवा घेतली त्यांनी तर हा अधिकार सांगूच नये.

आमचा लेखी अभिप्राय आम्ही दिला आहे: आई राहील, सारंगिया राहील. छपाईसाठी घेतलेली आगाऊ रक्कम आमच्या स्नेह्यांनी गेल्या सोमवारी परत केली. आता प्रती थोड्या निघतील आणि कागद हलका असेल. आमची वर्गणी त्यांच्याकडे पोचली आहे. ज्या वाचकांना हे म्हणणे पटते त्यांनीही आपली पाठवावी.