कंग्राळीला हेलिकॉप्टर नको, बस हवी

उपनगरातून शहरात नोकरीला हेलिकॉप्टरने जाता येईल, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. आपल्या तरुणांना त्याचे अप्रूप वाटते, त्यात गैर काही नाही. पण सकाळी थांब्यावर ताटकळणाऱ्या सीमाभागातील माणसाला यातून काय मिळणार, हा हिशोब एकदा मांडलाच पाहिजे.

लांब जायला नको. आपल्याच राज्याच्या राजधानीत मार्च 2018 मध्ये केंपेगौडा विमानतळ ते इलेक्ट्रॉनिक्स सिटी अशी हेलिकॉप्टर टॅक्सी सुरू झाली. रस्त्याने दोन तास खाणारे अंतर पंधरा मिनिटांत. भाडे 3,500 रुपये, करासह 4,130. ऑक्टोबर 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीने विमानतळ ते एचएएल अशी सेवा आणली, तिचे भाडे करांशिवाय 3,250. आता 4,130 च्या दराने महिन्याचे 26 दिवस जाऊन-येऊन प्रवास धरा. 2 लाख 14 हजार 760 रुपये होतात! उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याने पगार आणायचा की भाड्यात घालायचा?

बरे, भाडे सरकारने भरले तरी भागत नाही. बेल 407 जातीच्या हेलिकॉप्टरात पायलट सोडून सहा माणसे बसतात. एका भरलेल्या बसची साठ माणसे न्यायची तर दहा खेपा. प्रत्येक खेपेला उतरायला मोकळी जागा हवी, आगीचा बंदोबस्त हवा, आकाश स्वच्छ हवे. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस आणि धुके ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. शिवाय सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे कोणीही उठून घिरट्या घालू शकत नाही.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केला. न्यूयॉर्क एअरवेज ही कंपनी 1965 पर्यंत सरकारी अनुदानावर चालली. उंच इमारतीच्या गच्चीवरून तिची हेलिकॉप्टरे उडत. 16 मे 1977 रोजी गच्चीवर उभ्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला. पात्याने चार जण गच्चीवर आणि एक पादचारी खाली रस्त्यावर मेला. 1979 मध्ये कंपनी बंद पडली.

हेलिकॉप्टर निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात आपल्या जिल्ह्यात त्याची किंमत कळली. पुराला, अपघाताला ते हवेच. रोजच्या येण्या-जाण्याला मात्र नव्हे.

कंग्राळी बुद्रुक काय किंवा खुर्द काय, बेळगाव बाजारपेठ चार-पाच किलोमीटरवर. एवढ्या अंतराला पंख कशाला? भाजीची बुट्टी घेऊन निघालेली बाई, कॉलेजची मुले, कारखान्याची पाळी गाठणारे कामगार यांना वेळेवर येणारी बस पाहिजे. 11 जून 2023 पासून महिलांना शासनाच्या बसमधून मोफत प्रवास मिळाला. चांगलेच झाले. पण तिकीट फुकट झाल्याने बसमध्ये जागा वाढत नाही. आणि पाटी? मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या गावाचे नाव बसवर मराठीतून लिहा म्हटले की कोणाला तरी राग येतो. 11 ऑक्टोबर 2012 रोजी सुवर्ण विधानसौधचे उद्घाटन झाले. सीमाभागावर हक्क सांगायला एवढी मोठी इमारत उभी राहू शकते, तर थांब्यावर पत्र्याची शेड आणि बसवर दोन ओळींची मराठी पाटी का नाही?

आम्ही वाचकांना एक काम सांगतो. आपापल्या थांब्यावर आठ दिवस सकाळी 7 ते 10 किती बस आल्या, किती न थांबता गेल्या, किती मुलांचे कॉलेज चुकले, हे वहीत तारीखवार टिपून ठेवा आणि समितीच्या कार्यकर्त्यांकडे द्या. त्यावरून निवेदन तयार करू, आणि ते मराठीतच देऊ. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिलेला आहे. कन्नडमधून लिहून आणा, असे कोणी म्हणाल्यास हे कलम दाखवा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.