फोटोतला रुपया आणि डोळ्यांचा अंदाज

चांदीचा भाव चढला की देव्हाऱ्यातले जुने रुपये बाहेर येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडले जाणारे राणीछाप आणि राजाछाप रुपये तेव्हा पुन्हा चर्चेत आले. असे रुपये आता सराफाच्या काट्यावर जाण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर जातात. विकणारा फोटो टाकतो, घेणारा त्यावरून भाव ठरवतो आणि बोलणे बहुतेक वेळा रंगाभोवती फिरते : ‘कशी पांढरीशुभ्र चांदी आहे बघा’, ‘तांब्याचा मूळ लाल रंग अजून टिकलाय’. अडचण अशी, की फोटोत सर्वांत कमी भरवशाचे काही असेल तर तो रंगच.

जुन्या नाण्यांच्या नावाने होणारी उघड फसवणूक वेगळी. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी त्याबाबत इशारा दिला होता. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून काही जण ऑनलाइन शुल्क, दलाली किंवा कर मागतात; अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असे बँकेने स्पष्ट केले. तिथे प्रश्न पैसे उकळण्याचा असतो. इथे विषय आहे तो नाणे खरे, विकणारा सरळ, तरीही घेणाऱ्याची निराशा होते त्या व्यवहारांचा.

रंगावर भाव का ठरतो?

संग्राहकाच्या दृष्टीने रंग म्हणजे नाण्याच्या आयुष्याची नोंद. नवे तांबे लालसर केशरी असते, हवेत ते हळूहळू तपकिरी होते. अमेरिकेतील नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्था तांब्याच्या नाण्यांचे लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे तीन वर्ग करतात. मूळ लाली ९५ टक्के किंवा त्याहून अधिक टिकली असेल तरच ‘लाल’ हा शिक्का मिळतो. साल तेच, छाप तीच. पण वर्ग बदलला की किंमत बदलते.

चांदीची गोष्ट निराळी. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो अगदी पातळ असताना पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात : आधी पिवळसर, मग जांभळट, निळसर. थर जाड झाला की नाणे काळे पडते. या नैसर्गिक छटांना हौशी लोक जास्त पैसे मोजतात, म्हणून रसायने लावून त्या मुद्दाम आणल्याही जातात.

आपल्याकडच्या शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट थर असतो. तो घट्ट, गुळगुळीत असेल तर नाणे बहुधा स्थिर असते. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात असण्याची शक्यता असते. हा फरक हिरव्याच्या दोन छटांमधला आणि पोताचा आहे. फोटोत नेमका तोच हरवतो.

नाणे नव्हे, आरसा

कापड किंवा फळ प्रकाश सगळीकडे विखुरते, त्यामुळे कुठूनही पाहिले तरी त्याचा रंग जवळपास तसाच दिसतो. झळाळते नाणे आरशासारखे वागते. चांदी दृश्य प्रकाशाचे सगळे रंग जवळपास सारखेच परत पाठवते, म्हणजे तिचा स्वतःचा रंग फारसा नसतोच. लाल मखमलीवर ठेवलेल्या रुपयात लाली उतरते, पिवळ्या भिंतीजवळ तो सोनेरी दिसतो. फोटोत आपण नाण्याइतकीच ती खोली पाहत असतो.

पुढे कॅमेरा स्वतःची भर घालतो. उजेड कोणत्या रंगाचा आहे याचा अंदाज बांधून मोबाइल चित्र आपोआप ‘दुरुस्त’ करतो. तपकिरी टेबलावर नाणे अगदी जवळून टिपले की चौकटीतला तपकिरी रंग दिव्याचा आहे, असा त्याचा समज होऊ शकतो. मग तो चित्रात निळसरपणा वाढवतो आणि तांब्याची लाली फिकी पडते. स्वस्त एलईडी दिव्यांच्या प्रकाशात लाल रंगाचा भाग कमी असतो, त्यामुळे तांबे आणखी मलूल दिसते. शिवाय मोबाइल चित्र गुळगुळीत करतो. घासलेल्या नाण्यावरचे बारीक ओरखडे त्यात पुसले जातात.

डोळा आणि मेंदू

फोटो पाहणाऱ्याकडेही दोन गाळण्या असतात. पहिली पडद्याची. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून अनेकांच्या मोबाइलवर निळा प्रकाश कमी करणारी सोय सुरू असते. तिच्यामुळे पांढरे नाणे पिवळसर दिसते. रात्री अकराला ‘जुनी, नैसर्गिक छटा’ म्हणून पसंत पडलेला रुपया सकाळी साधा पांढरा दिसतो, तो यामुळे.

दुसरी गाळणी डोळ्याची. वयानुसार नेत्रभिंग पिवळसर होते, निळा प्रकाश कमी आत येतो. बदल सावकाश होत असल्याने तो जाणवत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र अनेकांना जग एकदम निळसर, उजळ वाटते. निवृत्तीनंतर नाण्यांचा छंद जोपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे. जन्मजात लाल-हिरव्या रंगांधळेपणाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत अधिक आढळतो. सौम्य प्रकार असलेल्यांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. पण लाल तांबे की तपकिरी, तपकिरी थर की हिरवा, हे ओळखताना हेच डोळे फसतात. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या तक्त्यावर होणारी चाचणी काही मिनिटांची असते.

सगळ्यात मोठी ढवळाढवळ मेंदूची. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर गाजला होता. कोणाला तो निळा-काळा दिसला, कोणाला पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. फोटोतला उजेड कसा आहे हे कळत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला अंदाज लावला, असे शास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण आहे. अपेक्षेचाही रंग चढतो. जर्मनीतील गीसेन येथील संशोधकांनी २००६ मध्ये लोकांना पडद्यावरचे केळ्याचे चित्र पूर्ण राखाडी करायला सांगितले. लोकांनी ते किंचित निळसर केले, कारण खरोखर राखाडी केलेले केळे त्यांना अजून पिवळसर वाटत होते. ‘चांदीचा रुपया’ असे शीर्षक वाचून फोटो पाहणाऱ्याचे मनही असेच आधी तयार झालेले असते.

तीन रुपये, एक फोटो

याची किंमत किती, ते एका उदाहरणात पाहू. १९१८, १९४४ आणि १९४७ या सालांचे तीन रुपये शेजारी ठेवून फोटो काढला तर तिन्ही पांढरट दिसतील. पहिल्यात ९१.७ टक्के चांदी आहे. दुसऱ्यात ५० टक्केच, कारण १९४० पासून रुपयातली चांदी कमी केली गेली. तिसरा निकेलचा, त्यात चांदी नाहीच. पहिल्या दोघांचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. पण एकात सुमारे १०.७ ग्रॅम चांदी आहे, दुसऱ्यात ५.८. रंगावर भाव केला तर जवळपास निम्म्या चांदीचे पैसे हवेत जातात.

म्हणून रंगाला साक्षीदार म्हणून बोलवावे, न्यायाधीश करू नये. विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे, साल स्पष्ट दिसणारे आणि दातेरी कडेचे फोटो मागावेत. नाण्याखाली पांढरा कागद आणि शेजारी चलनातले दहा रुपयांचे नाणे ठेवायला सांगावे. कागद पिवळा दिसला तर नाण्याचा पिवळेपणाही दिव्याचा असू शकतो. दहाच्या नाण्याचे पिवळसर कडे आणि पांढरट मध्य तुलनेला मिळतात, शिवाय त्याचा २७ मिलिमीटर व्यास मापाला उपयोगी पडतो. खिडकीजवळ नाणे हळूहळू तिरके करत काढलेला छोटा व्हिडिओ स्थिर फोटोपेक्षा जास्त सांगतो : ओरखडे चमकतात आणि पातळ थराचे रंग कोनानुसार सरकतात. रंग सरकले म्हणजे छटा नैसर्गिकच, असे मात्र नाही. रसायनाने आणलेला थरही तसाच वागतो.

नाणे हाती आले की वजन आणि चुंबक. १९४७ चा निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असेल तर त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे. ते तळाला किंवा कडेला लागू देऊ नये. न झिजलेल्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवेल, ५० टक्क्यांच्या रुपयाला सुमारे १.२२. पितळेवर मुलामा दिलेला तेवढ्याच वजनाचा तुकडा १.३ च्या पुढे जाईल. इथे कोणाच्याही डोळ्यांवर विसंबावे लागत नाही.

विकणाऱ्यांसाठी एक विनंती. फोटो चांगला यावा म्हणून जुना रुपया चिंच, लिंबू किंवा रांगोळीने घासू नका. काळा थर जातो, पण त्याबरोबर वरचा बारीक उठावही झिजतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत मोडीजवळ येते. फोटोत काळवंडलेला दिसणारा रुपया जाणकाराला चालतो. घासलेला रुपया मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही.