लेबल आणि पेशी

साहित्याच्या अभ्यासकांसमोर कर्करोगाच्या पेशींचा विषय काढला की दोन तऱ्हेचे प्रतिसाद येतात. पहिला, हा आपला प्रांत नव्हे असे म्हणून जांभई देणाऱ्यांचा. त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटत नाही. दुसरा लगोलग रूपक शोधणाऱ्यांचा: अमर पेशी, सीमा ओलांडणारे शरीर, स्थिर अस्मितेचा अंत इत्यादी. एका चर्चासत्रात 'हेला' पेशींनी इतर पेशींना गिळंकृत केल्याची हकिकत वंचितांच्या प्रतिशोधाची कथा म्हणून मांडली गेली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आमचा वाद त्या टाळ्यांशी आहे.

घडले ते असे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, पेशी घेण्यात आल्या. त्याच वर्षी ती वारली. पेशी मात्र जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हेला' या नावाने जगभर गेल्या. त्यांची वाढ इतकी जोमाची की त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या बाटलीत गेला तरी काही काळाने मूळच्या पेशी संपतात आणि उरते ती केवळ हेला. बाटलीवरचे लेबल जसेच्या तसे राहते. निरोगी यकृताची म्हणून 'चँग लिव्हर', निरोगी आतड्याची म्हणून 'इंटेस्टाइन ४०७', स्वरयंत्राच्या कर्करोगाची म्हणून 'हेप-२', तोंडाच्या कर्करोगाची म्हणून 'केबी': या साऱ्या बाटल्यांत वस्तुतः एकाच स्त्रीच्या पेशी होत्या.

हे उघडकीस आणले स्टॅन्ली गार्टलर या आनुवंशशास्त्रज्ञाने, १९६६ साली. अठरा वेगवेगळ्या पेशीमालिकांत त्यांना एका विकराचे असे रूप आढळले, जे जवळजवळ केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांत असते. त्यांतल्या काही मालिका तर गौरवर्णीय रुग्णांच्या म्हणून नोंदलेल्या होत्या! सभेला ते रुचले नाही. पुढे सत्तरच्या दशकात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी दूषित पेशीमालिकांच्या याद्याच छापल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला आभारापेक्षा वैरच अधिक आले.

योगायोग असा की त्याच १९६६ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी झाली. १९१९ पासून चाललेले ते काम म्हणजे नेमके हेच: कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, कोणता श्लोक कोठून शिरला, कोणता पाठ कोणाच्या नावावर उगाच खपतो, याचा शोध. आमच्या परंपरेला ही विद्या नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो पाठांची सरमिसळ झाली होती म्हणूनच. 'तुका म्हणे' ही मुद्रा कोणालाही लावता येते, हे गाथेच्या प्रत्येक संपादकाला ठाऊक असते. मग ज्यांनी हे शिकायचे आणि शिकवायचे, त्यांनीच बाटलीवरील खोट्या मुद्रेत सौंदर्य शोधावे, हे आम्हांला अजब वाटते. लेखकाचा मृत्यू जाहीर करणे सोपे आहे. येथे मृत्यू रूपकातला नाही.

शास्त्रज्ञांना तरी आम्ही का सोडावे? त्यांचा नेहमीचा बचाव असा की पेशी कोणाचीही असो, प्रयोग तर खरा. काही बाबतींत ते मान्य करू. पेशी कशी दुभंगते, प्रथिने कशी घडवते, हे पाहताना ती घशाची की गर्भाशयमुखाची याने फारसे बिघडत नसेल. पण निबंधाच्या मथळ्यातच अवयवाचे नाव असते तेव्हा हा बचाव टिकत नाही. २०१७ साली नेदरलँड्समधील दोन अभ्यासकांनी मोजणी केली: चुकीच्या ओळखीच्या पेशींवर आधारलेले ३२,७५५ निबंध आणि त्यांचा आधार घेणारे सुमारे पाच लाख. 'केबी'ला मुखकर्करोगाच्या पेशी म्हणणारे निबंध भारतातूनही निघत आले आहेत. तंबाखूने ज्या देशात इतकी तोंडे नासवली, तेथे याला निव्वळ तांत्रिक चूक म्हणायला आमची जीभ धजत नाही.

पेशींची जनुकीय ओळख पटवण्याची चाचणी कित्येक वर्षे उपलब्ध आहे. गुन्ह्याच्या तपासात रक्ताचा डाग ज्या पद्धतीने ओळखतात, तीच ही पद्धत. तिचे मानकही २०१२ पर्यंत ठरून गेले होते. प्रयोगाच्या खर्चाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ. तरीही ती टळते, कारण उत्तर नको असलेले येऊ शकते.

हेन्रिएटाबद्दल आता पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. 'हेलन लेन' हे बनावट नाव पुसून तिचे खरे नाव परत आले. २०२३ साली तिच्या वारसांचा एका मोठ्या कंपनीशी समझोताही झाला. पण ज्यांच्या पेशी त्या बाटल्यांतून नाहीशा झाल्या, त्यांच्याविषयी आमच्या रूपककारांनी एक ओळ लिहिलेली आम्हांला आठवत नाही. १९७६ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका एकतीस वर्षांच्या स्त्रीच्या फुप्फुसावरणातील पाण्यातून पेशी घेतल्या गेल्या आणि त्यांना 'एमडीए-एमबी-४३५' हे नाव मिळाले. स्तनाचा कर्करोग शरीरभर कसा पसरतो, याचा अभ्यास त्यांच्यावर वर्षानुवर्षे चालला. २००० साली जनुकांच्या तपासणीत त्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसल्या. पुढे सिद्ध झाले की त्या 'एम १४' नावाच्या मालिकेच्या, म्हणजे एका पुरुषाच्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी आहेत. येथे हेला नव्हती, वंचितांचा प्रतिशोध नव्हता. होती ती प्रयोगशाळेतली अदलाबदल. त्या स्त्रीच्या पेशींचा अस्सल साठा आज कोठेही ज्ञात नाही, आणि तिच्या मालिकेचा क्रमांक एका पुरुषाच्या पेशींवर अजून छापला जातो.