खिळ्यावरची उधारी

खिळा ही वस्तू कॅलेंडर टांगायला उत्तम. छत्री, पिशवी, फार तर आजोबांची तसबीर. पण चाळीच्या गॅलरीची तुळई खांबाच्या कडेला बिलगवून, चार खिळे ठोकून, कानावरची पेन्सिल काढत "साहेब, आता शंभर वर्षं बघायला नको" असे म्हणणारा इसम भेटला की माझे पित्त खवळते. माझे म्हणणे साधे आहे. तुळईने खांबावर बसावे, खांबाला लोंबकळू नये. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्याला दादरला बसायला मिळेल अशी आशा तरी असते. खिळ्यावरच्या तुळईला तीही नाही.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाने सुतारकीत नाक का खुपसावे? अहो, ओझे ही जमाखर्चाचीच बाब आहे! फळीवरचे ओझे कडीच्या नावे, कडीचे तुळईच्या नावे, तुळईचे खांबाच्या नावे, खांबाचे खालच्या दगडाच्या नावे आणि तिथून धरणीमातेच्या खात्यात. तुळई खांबाच्या माथ्यावर ठेवली, किंवा खांबाला खाच घेऊन खाचेच्या पायरीवर टेकवली, की नोंद बरोबर पडते. नुसती कडेला खिळली, की सगळी रक्कम चार खिळ्यांच्या 'सस्पेन्स अकाउंट'मध्ये जाते. आणि सस्पेन्समध्ये टाकलेले कधी ना कधी कोणाच्या तरी डोक्यावर येते, हे मी वीस वर्षांच्या नोकरीवरून सांगतो.

जुन्या सुतारांना हे कळत होते. खांबाच्या डोक्यावर कुसू काढायचे, ते तुळईच्या भोकात बसवायचे. दोन तुळयांचा जोड आणायचा तो खांबाच्या माथ्यावरच, मध्येच अधांतरी नाही. खिळा लागलाच तर लाकूड जागचे हलू नये म्हणून. पेलण्याचे काम लाकडाने लाकडावर करायचे. बोल्टालाही माझा विरोध नाही. आरपार दोन बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वायसर, पण खाली खाच हवीच. तीही बेताची. निम्मा खांब कोरून काढला तर उरलेल्या निम्म्याने पूर्ण पगाराचे काम का करावे?

आपल्याकडे चार महिने पाऊस. लाकूड फुगते, दिवाळीनंतर आक्रसते. खिळा गंजतो, भोक सैल होते, पाणी आत शिरते. शेवटाकडे ठोकला असेल तर तुळई चिरते ती वेगळीच. मग त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट. आतला ओलावा आता बाहेर पडेल कुठून? अमेरिकेत बर्कली येथे २०१५ साली अशाच आतून कुजलेल्या लाकडांवरची बाल्कनी कोसळून सहा तरुण मुले गेली. तीही काही जुनाट चाळ नव्हती.

आणि आम्ही गॅलरीत काय काय ठेवतो! मूळ फळ्यांवर आधी गुळगुळीत लाद्या, लाद्यांवर पिंप. दोनशे लिटरचे पिंप भरले की दोनशे किलो झाले. दर खोलीपुढे एक. म्हणजे बाराही महिने प्रत्येक बिऱ्हाडापुढे तीन दांडगे पाहुणे उभे, आणि ते चहा घेऊनही जात नाहीत. त्यात विसर्जनाची मिरवणूक आली की अख्खी चाळ कठड्याला. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तेव्हापासून आमच्या गॅलऱ्या हे ओझे पेलत आल्या आहेत, त्या काही ऑइल पेंटच्या जोरावर नव्हे.

मालक म्हणतात, १९४७ च्या कायद्याने गोठलेल्या भाड्यात बोल्ट येत नाही. खरे आहे. भाडेकरू म्हणतात, १९६९ च्या कायद्यापासून आम्ही दुरुस्तीचा उपकर भरतो. तेही खरे. कंत्राटदार म्हणतो, खाच घ्यायला अर्धा दिवस जातो. हे सर्वांत खरे, आणि खरी मेख इथेच आहे. तुळईखाली टेकू लावायला मात्र कोणाचीच हरकत नसते. तात्पुरत्या टेकूवर वाळत घातलेल्या लंगोटांची दुसरी पिढी मी पाहतो आहे.

लालबागच्या मंडपवाल्यांकडे एकदा नीट बघा. उभ्याला आडवा बांबू बांधताना पोरगा वर चढून काथ्याचे वेढे असे आवळतो, की बांबूला भोकही पडत नाही आणि गाठ जागची सरकत नाही. दहा-अकरा दिवसांच्या मांडवाला एवढी निष्ठा! आणि जिथे आमची आई पापड वाळवते, पोरे क्रिकेट खेळतात, त्या कायमच्या गॅलरीला चार खिळे.

परवाच्या सभेत मी ठराव मांडला. पुढचे काम देताना प्रत्येक तुळईखाली खाच, प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट, आणि गिलावा करण्यापूर्वी सांधे सर्वांना उघडे दाखवावेत. अनुमोदनही मिळाले. तेवढ्यात रंगाचा विषय निघाला. पिस्ता की बदामी, यावर पावणेदोन तास चर्चा झाली आणि पिस्ता बहुमताने पास झाला. बोल्टांचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा पावसाळ्यानंतर आहे.