नऊ मते आणि एक बाजारपेठ

अमेरिकेच्या ईशान्येस मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रीनफील्ड नावाचे एक लहानसे नगर आहे. वस्ती सतरा-अठरा हजारांची. भोवतालच्या खेड्यांचा बाजारहाट, कोर्टकचेरी आणि बँकेची कामे येथेच होतात. स्क्रूचे आटे पाडण्याच्या हत्यारांसाठी हे गाव एकेकाळी नावाजलेले होते. पुढे कारखानदारी ओसरली, तरी ‘मेन स्ट्रीट’ या मुख्य पेठेतील दुकाने टिकून राहिली. त्या पेठेत १८८२ साली स्थापन झालेले ‘विल्सन्स’ हे मोठे दुकान होते. विक्रीचे पैसे हवेच्या दाबाने नळ्यांतून कार्यालयात पाठवण्याची जुनी पद्धत तेथे अगदी अलीकडेपर्यंत चालू होती.

१९९३ साली या गावाच्या वेशीवर वॉलमार्ट येऊन उभे राहिले. सॅम वॉल्टन यांनी १९६२ साली आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या छोट्या गावात पहिले दुकान काढले होते. तीस वर्षांत ती अमेरिकेतील सर्वांत मोठी किरकोळ विक्री कंपनी झाली. तिची रीत ठरलेली होती. गावाबाहेर महामार्गालगत स्वस्त व विस्तीर्ण जमीन घ्यावी, एकमजली प्रचंड दुकान उभारावे, समोर शेकडो मोटारींसाठी मोकळी जागा ठेवावी आणि कपड्यांपासून औषधांपर्यंत सारे एका छपराखाली पेठेपेक्षा कमी दराने विकावे. ग्रीनफील्डमध्ये निवडलेली जमीन कारखान्यांसाठी राखून ठेवलेली होती. ती व्यापारी वापरात घेण्यासाठी नगराच्या नियमांत बदल आवश्यक होता. नगर परिषदेने तो बदल मंजूरही केला.

तेथेच प्रकरण मिटले असते. परंतु काही नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि हा निर्णय थेट मतदारांपुढे नेला. प्रचाराची सूत्रे अल नॉर्मन या ग्रीनफील्डमध्येच राहणाऱ्या गृहस्थांकडे आली. ते दुकानदार नव्हते. लोकमोहिमा चालवण्याचा अनुभव मात्र त्यांच्या गाठी होता. ‘आमची दुकाने वाचवा’ एवढीच हाक दिली तर पेठेतील मूठभर मालकच पाठीशी उभे राहतील, हे उघड होते. दुकानदाराची अडचण म्हणजे गिऱ्हाइकाची अडचण नव्हे. उलट गिऱ्हाइकाला स्वस्त माल हवा असतो, आणि तशी इच्छा धरण्यात त्याचे काही चुकत नाही.

म्हणून प्रश्न गावाच्या बाजूने मांडला गेला. कारखान्यासाठी राखलेली जमीन एकदा दुकानाला दिली की उद्या उद्योग आला तर त्याला जागा कोठून देणार? नवे दुकान ज्या नोकऱ्या देईल, त्यांतल्या किती खरोखर नव्या असतील आणि किती पेठेतल्या दुकानांतून काढून घेतलेल्या? मुख्य रस्त्यावरील इमारती रिकाम्या पडल्या, त्यांचे मोल उतरले, तर कमी झालेला कर कोण भरून काढणार? वाहतूक, रस्ते आणि पोलीस यांचा वाढीव खर्च कोणाच्या माथी? हे प्रश्न शिक्षकाचे, निवृत्त कामगाराचे आणि घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचे होते.

विरुद्ध बाजूही पोकळ नव्हती. कारखाने बंद पडत चाललेल्या गावात नोकरीचा शब्द जड असतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला मुलांचे कपडे आणि वह्या चार पैशांनी स्वस्त मिळणे ही लहान गोष्ट नसते. नगर परिषदेने दिलेली मंजुरी याच विचारांतून आली होती. त्यामुळे गाव सरळ दोन भागांत विभागले गेले. ऑक्टोबर १९९३ मध्ये मतदान झाले आणि जमिनीच्या वापरातील बदल फेटाळला गेला, तो अवघ्या नऊ मतांनी.

या नऊ मतांची बातमी देशभर पोहोचली. गावोगावचे लोक नॉर्मन यांचा सल्ला मागू लागले आणि पुढे हेच त्यांचे जीवितकार्य झाले. त्याच वर्षी शेजारच्या व्हर्मांट राज्यातही अशा अवाढव्य दुकानांच्या भीतीने खळबळ उडाली होती. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने ते संपूर्ण राज्यच धोक्यातील स्थळांच्या यादीत टाकले.

भीती कितपत खरी होती, याचा तपास अर्थशास्त्रज्ञांनी केला. आयोवा राज्य विद्यापीठाचे केनेथ स्टोन यांनी तेथील लहान गावांच्या विक्रीचे आकडे वर्षानुवर्षे तपासले. ज्या गावात मोठे दुकान आले, तेथील एकूण विक्री वाढली. खानावळी आणि फर्निचरची दुकाने यांना तर लाभही झाला. परंतु त्याच प्रकारचा माल विकणारी दुकाने खचली, आणि ज्या शेजारच्या गावांत ते दुकान नव्हते त्यांचा ग्राहक तिकडे ओढला गेला. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा अभ्यास सांगतो की वॉलमार्टमधील एक कामगार किरकोळ क्षेत्रातील सुमारे १.४ कामगारांची जागा घेतो. एमेक बास्कर यांच्या २००५ सालच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. वॉलमार्ट आल्यावर अनेक वस्तूंचे दर गावात अल्पावधीत दीड ते तीन टक्के उतरतात आणि पुढे त्याहूनही अधिक. गिऱ्हाइकाचा लाभ खरा आहे आणि दुकानदाराची हानीही खरी आहे. कोणत्याही प्रामाणिक हिशेबात या दोन्ही रकमा मांडाव्या लागतात.

ग्रीनफील्डची गोष्ट मात्र त्या मतदानाबरोबर संपली नाही. त्याच जमिनीवर पुढे पुन्हा मोठ्या दुकानाचा प्रस्ताव आला आणि वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. एकदा जिंकलेली लढाई कायमची जिंकलेली नसते, हे गावाने अनुभवले. आणि ज्या पेठेसाठी एवढा खटाटोप झाला, त्या पेठेतील ‘विल्सन्स’ २०२० च्या आरंभी बंद झाले. एकशे सदतीस वर्षांचे ते दुकान वॉलमार्टला गावाबाहेर ठेवूनही थांबले. मालक निवृत्तीच्या वाटेवर होते, आणि लोक घरबसल्या माल मागवू लागले होते. वेशीवर अडवता येईल असा हा प्रतिस्पर्धी नव्हता. त्याला ना जमीन लागत होती, ना नगर परिषदेची मंजुरी.

मग त्या नऊ मतांनी मिळवले काय? त्यांनी पेठेला सव्वीस वर्षांहून अधिक अवधी मिळवून दिला. एका पिढीची कारकीर्द म्हणजे थोडा काळ नव्हे. शिवाय दुकान गेले तरी पेठ उजाड झाली नाही. विल्सन्सच्या इमारतीत गावातील सहकारी किराणा दुकानाने यावे आणि वरच्या मजल्यांवर घरे व्हावीत, अशी योजना पुढे आली. मुख्य रस्ता जिवंत होता, म्हणूनच त्या इमारतीसाठी दुसरा विचार करणे शक्य झाले.

महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस केंद्र सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये परवानगी दिली, तेव्हा २० सप्टेंबरला देशभर बंद पाळला गेला. दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे आणि राज्याची संमती अशा अटी त्या धोरणात होत्या. घाऊक व्यापाराचे दार मात्र आधीच उघडे होते. २००९ साली अमृतसरला आणि पुढे औरंगाबाद व अमरावतीलाही वॉलमार्टची घाऊक दुकाने सुरू झाली. त्यांचे सभासद कोण? तर किराणा दुकानदारच. २०१८ साली त्याच कंपनीने फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के भांडवल १६ अब्ज डॉलरना विकत घेतले आणि ती थेट घराघरांतील भ्रमणध्वनीत येऊन बसली.

यावरून विरोध निरर्थक ठरत नाही. नगररचनेचे नियम, जमिनीचा वापर आणि वाहतूक यांविषयी बोलण्याचा हक्क नागरिकाला आहे, आणि तो प्रस्तावाच्या आरंभीच बजावला पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर काढलेला मोर्चा फार काही साधत नाही. परंतु तो हक्क बजावताना सारे गाव बरोबर हवे, आणि गाव बरोबर येणे हे त्याआधीच्या अनेक वर्षांच्या वागणुकीवर ठरते. ज्या पेढीने अडचणीच्या महिन्यात उधारी लांबू दिली, वजनमापात कधी खोट केली नाही, बिघडलेला माल कुरकुर न करता परत घेतला आणि शाळेच्या वर्गणीत नाव घातले, तिच्यासाठी शेजारी मत द्यायला बाहेर पडतो. ज्या दुकानात गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसल्याचा फायदा घेतला गेला, तेथील गिऱ्हाईक नव्या दुकानाच्या उद्घाटनाला पहिल्या रांगेत उभे असते.

ग्रीनफील्डमध्ये पेठ राहावी असे वाटणाऱ्यांची मते विरुद्ध बाजूहून अवघी नऊ जास्त होती. त्याहून कमीच पुरे झाले असते, कारण पाच जणांनी मत फिरवले असते तरी निकाल उलटला असता. एखाद्या पेढीच्या खतावणीत असे पाच समाधानी ग्राहक निश्चित सापडतात. प्रत्येक पेढीने ते आपल्याकडे आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. त्याबरोबर घरातील पुढच्या पिढीला गादीवर बसण्याची इच्छा आहे का, हेही वेळीच विचारावे. विल्सन्सच्या दारावर कुलूप लागले, ते वॉलमार्टने लावले नव्हते.