विश्लेषण : भोर-वेल्ह्यात सौर बॅटरी कशासाठी? बिल वाचवायला की अंधार टाळायला?

दिवसा वीज स्वस्त झाल्यामुळे ‘दिवसा बॅटरी भरा, रात्री वापरा आणि बिल वाचवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांतील घरांसाठी तो कितपत खरा आहे?

दरात नेमका काय बदल झाला?

पूर्वी उद्योगांना रात्रीच्या विजेवर सवलत मिळत असे. सौर वीज वाढल्याने आता स्वस्ताईची वेळ दिवसावर आली. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैसे सवलत लागू झाली. २०३० पर्यंत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचे ठरले.

मग बॅटरीने किती पैसे वाचतात?

बॅटरीत भरलेली सगळी वीज परत मिळत नाही. साधारण १० टक्के वाया जाते. ५ युनिट हवे असतील तर सुमारे साडेपाच युनिट भरावे लागतात.

दर १० रुपये धरला तर सवलतीच्या वेळेत साडेपाच युनिटला ५०.६० रुपये पडतात. रात्री ग्रिडवरून थेट ५ युनिट घेतले तर ५० रुपये. म्हणजे ६० पैसे तोटाच! दर ६ रुपये असेल तर दिवसाला १.४० रुपये, वर्षाला जेमतेम ५०० रुपये वाचतात. त्यातून बॅटरीची किंमत वसूल होणे कठीण.

छतावर पॅनेल असतील तर?

नेट मीटरिंगमध्ये ग्रिडला दिलेले युनिट बिलात वळते होते. उरलेले युनिट आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत पुढच्या बिलांत जातात. म्हणजे ग्रिडच तुमची बॅटरी, तीही फुकटची. पीएम सूर्यघर योजनेचे कमाल ७८ हजारांचे अनुदानही पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीसाठी वेगळे नाही.

तरी बॅटरी कुणाला उपयोगी?

साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का लागू नये, म्हणून ही सोय असते. त्यामुळे कडक ऊन असले तरी घरात अंधार. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी धरणांच्या वरच्या अंगाला पाऊस झोडपतो. झाड तारेवर पडले की डोंगरातली लाइन जोडायला वेळ लागतो. अशा वेळी मोबाइल, दिवे, फ्रिज किंवा घरातील रुग्णाचे यंत्र चालू ठेवणे, ही बॅटरीची खरी किंमत.

सेटिंग काय ठेवावे?

• जून ते सप्टेंबर : ‘बॅकअप’ मोड. किमान ८० टक्के साठा राखीव.

• ऑक्टोबर ते मे : राखीव साठा ३० ते ४० टक्के. बाकीचा वापरला तरी चालेल. पण नेट मीटर असेल तर रोज बॅटरी रिकामी करण्यात फायदा नाही.

• ग्रिडवरून चार्जिंग एरवी बंद. ढगाळ दिवसांत किंवा वादळाचा इशारा असेल तर ९ ते ५ मध्ये चालू.

• बॅकअपच्या लाइनवर फक्त गरजेची उपकरणे. ३०० वॉटचा भार असेल तर ४ युनिट साधारण १३ तास पुरतात. गिझर, पाण्याची मोटर त्यावर नको.

बिल कमी कसे होईल?

टीओडी मीटर असेल तर मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर ९ ते ५ मध्ये चालवा. त्यासाठी एक रुपयाही खर्च नाही.

पुढे गणित बदलेल?

बदलू शकते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत गर्दीच्या वेळी जादा दराची तरतूद आहे. व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना सायंकाळी जादा दर आहेच. तो घरांनाही लागला, किंवा दिवसाचे सौर युनिट रात्रीच्या वापरात वळते करणे थांबले, तर बॅटरी परवडू लागेल. तोवर बिलावरचा आपला दर पाहा, वरचा हिशेब स्वतः मांडा आणि मगच विक्रेत्याच्या कोटेशनवर सही करा.