गाड्या गेल्यावर गावात उरतात त्यांच्यासाठी

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, बीड



दसरा-दिवाळी झाली की पाटोदा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीच्या गाड्या भरतात. कर्ती माणसं पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मागे उरतात म्हातारी माणसं, नातवंडं आणि शेरडं.

कागदावर या म्हाताऱ्यांना बरंच काही आहे. ऑगस्ट 2023 पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट. सत्तरीपुढच्यांना 2024 पासून वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. तरी ही माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत, कारण अडतं ते सोबतीपाशी. वस्तीवरून फाट्यापर्यंत कोण नेणार? केसपेपर कोण काढणार, डॉक्टर काय म्हणाले ते ध्यानात कोण ठेवणार? तोवर शेरडांकडं कोण बघणार? शिवाय ते कार्ड भरती झाल्यावर कामाला येतं, रोजच्या बीपीच्या गोळीला नाही.

आमच्या शेजारच्या आजी ती गोळी एक दिवसाआड घेतात. "म्हंजी पुरत्यात," म्हणतात. रात्री लेकाचा फोन आला की आवाज चढवून सांगतात, "मला काय धाड भरलीय!" लेक गावी आला तर खाडा पडेल, उचल फिटायची राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून पाय सुजला तरी साडी खाली ओढून बसतात. उशिरा का आणलं, असं डॉक्टर विचारतात तेव्हा याचं उत्तर कुणी देत नाही.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावच्याच बायकांना शिकवून आरोग्यसेवा उंबऱ्यापर्यंत नेली. आपल्या आशाताईही घरोघरी फिरतात, पण बाळंतपणं, लसीकरण आणि मोबाइलवर माहिती भरण्यातच त्यांचा दिवस सरतो.

माझी मागणी एवढीच: यंदा गाड्या निघण्याआधी मागे राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची गाववार नोंद करा आणि तेव्हाच बीपी-साखर तपासून घ्या. हंगामभर महिन्याच्या गोळ्या आशाताईंच्या हाती घरपोच द्या, या कामाचा त्यांना वेगळा मोबदला द्या. ज्यांना पुढं न्यावं लागेल त्यांच्यासाठी ठरल्या दिवशी उपकेंद्रावरून ग्रामीण रुग्णालयापर्यंत गाडी आणि सोबतीला माणूस असू द्या. नोंदीसाठी गावात केव्हा येणार, ती तारीख दसऱ्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आपला,
पाटोदा तालुक्यातील एक रहिवासी